नाणी तोलणारा गणिती आणि भेंडवळचा घट

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, भजी, करंजी, सांडई-कुरडई. भोवती गोलाकार अठरा प्रकारची धान्यं आणि राजाच्या गादीसाठी पानसुपारी. रात्रभर तिथं कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला वाघ घराण्यातले लोक येऊन पाहतात: कोणतं ढेकूळ विरघळलं, कोणतं धान्य जागचं हललं, पान तसंच आहे की सरकलं. त्यावरून पाऊस, पीक, रोगराई, राजकारण असं सगळं सांगितलं जातं. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. पंचक्रोशीतलेच काय, खानदेशातले शेतकरीही ऐकायला येतात.

आमच्या घरात घट मांडणं वगैरे काही नव्हतं, पण भेंडवळची बातमी अब्बा न चुकता वाचायचे. एकदा मी विचारलं, "अब्बा, तुमचा विश्वास आहे का यावर?" ते म्हणाले, "विश्वास कशाचा? गैबचं इल्म अल्लाहला. पण सरकी कधी लावायची ते तर मलाच ठरवावं लागतं ना." या उत्तरावर मी तेव्हा हसलो होतो. आता हसत नाही. यंदा माझ्या भाच्यानं मोबाईलवरच्या एआयला विचारलं, मेहकरकडे पाऊस कसा राहील? त्या यंत्रानं अर्ध्या मिनिटात, अगदी शुद्ध मराठीत, तीन परिच्छेद लिहून दिले. भाचा खूश. मी त्याला विचारलं, हे त्याला कसं कळलं? तो म्हणाला, "मामू, त्यानं सगळं वाचलेलं असतं."

भविष्य सांगणं आणि शक्यता मोजणं यांत फरक काय, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. आणि या प्रश्नाशी आयुष्यभर झटलेला एक माणूस आपल्या मराठी मुलखात होऊन गेला. त्याला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्याचा पोटापाण्याचा धंदा गणिताचा होता. दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907चा, गोव्यातल्या कोसबे गावचा. वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे मोठे पंडित. ज्ञानाच्या ओढीनं घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घातलेले. हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणं आलं, म्हणून 1918 साली मुलगाही अमेरिकेला गेला. मधे काही काळ तो परत आला, पुन्हा गेला आणि 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन मायदेशी आला. त्या दिवसांत त्याची नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली होती. हेच वीनर पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचे जनक ठरले. आज आपण ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, तिच्या घराण्याच्या झाडावर वीनर यांचं नाव बरंच वर लिहावं लागतं.

परत आल्यावर कोसंबी आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले आणि 1931 साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. आपल्या वाचकांना हा भाग सहसा माहीत नसतो, म्हणून इथं जरा थांबतो. तेव्हा अलिगढचे कुलगुरू होते सर सय्यद यांचे नातू सर रॉस मसूद. त्यांनी गणिताच्या प्राध्यापकपदी एका तेवीस-चोवीस वर्षांच्या फ्रेंच ज्यू तरुणाला बसवलं होतं. नाव आंद्रे वेइल. विसाव्या शतकातल्या सर्वात मोठ्या गणितज्ञांपैकी एक. वेइलनं मग चांगली माणसं गोळा करायला सुरुवात केली. मद्रासकडचे विजयराघवन आले, कोसंबी आले. म्हणजे 1931 साली एका मुस्लिम विद्यापीठाच्या गणित विभागात फ्रान्सचा ज्यू, दक्षिणेचा ब्राह्मण आणि गोव्याच्या बौद्ध पंडिताचा नास्तिक मुलगा एकत्र बसून भूमिती बोलत होते. अलिगढ म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढं फक्त फाळणीचं राजकारण येतं, त्यांना ही हकिगत सांगावी. आणि आपल्यातल्या काहींनाही सांगावी, ज्यांना अलिगढचा अभिमान आहे पण तिथं गणित शिकवलं जात होतं हे माहीत नाही.

त्या काळातला एक किस्सा जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे. वेइलच्या चिथावणीनं कोसंबींनी 1931 साली एक शोधनिबंध छापला. त्यात 'बूरबाकी' नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला होता. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. कोणा गर्विष्ठ सहकाऱ्याची जिरवायची म्हणून केलेली ती थट्टा होती. पुढे वेइल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव घेऊन ग्रंथांची मालिकाच लिहिली आणि बूरबाकी हे गणितातलं फार मोठं नाव झालं. छापील गणितात त्या नावाचा पहिला उल्लेख मात्र कोसंबींचा. आज एआय नसलेल्या पुस्तकांचे, नसलेल्या लेखकांचे हवाले ठणकावून देतं तेव्हा मला हा किस्सा आठवतो. फरक इतकाच की कोसंबींना आपण थाप मारतोय हे माहीत होतं.

वेइल 1932 साली गेला, 1933 साली कोसंबीही अलिगढ सोडून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. इथून त्यांच्या आयुष्यातला सर्वात सुपीक काळ सुरू होतो. गणितज्ञ म्हणून त्यांना संख्याशास्त्र नीट शिकायचं होतं. त्यासाठी एखादं खरंखुरं उदाहरण हवं होतं. त्यांनी निवडली नाणी.

आपल्याकडची सर्वात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी, चांदीचे कार्षापण. वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसते ठसे: सूर्य, चाक, डोंगर, प्राणी. मग कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ओळखायचं कसं? विद्वान लोक ठशांचे अर्थ लावत बसले होते आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा होता. कोसंबींनी काटा घेतला आणि नाणी तोलायला सुरुवात केली.

विचार अगदी साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चांदीचा अदृश्य कण गळतो. म्हणजे जितकं जास्त फिरलं, तितकं हलकं. पण एकच नाणं तोलून काही कळत नाही. ते टांकसाळीतूनच हलकं निघालेलं असेल, किंवा कोणी कापलं असेल. शेकडो नाणी तोलली तर मात्र सरासरी बोलू लागते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. एखादं नाणं फार फिरतं, एखादं तिजोरीत पडून राहतं, म्हणून काळ जातो तसा वजनांमधला फरकही वाढत जातो. सरासरी उतरते, पसारा वाढतो. हे खरं आहे का, हे पाहण्यासाठी कोसंबींनी आपल्या काळातली चालू नाणी हजारोंनी तोलली. त्यांवर साल छापलेलं असतं, म्हणजे उत्तर आधीच माहीत. उत्तर माहीत असलेल्या गोष्टीवर आधी पद्धत पारखायची, मगच माहीत नसलेल्या गोष्टीवर वापरायची. हे वाक्य मी भाच्याला दोनदा ऐकवलं.

मग तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेले ठेवे त्यांनी घेतले. त्यांतल्या एका ठेव्यात सिकंदराचं नाणं होतं, त्यामुळे तो ठेवा कधी पुरला गेला याचा अंदाज होता. नाण्यांच्या पाठीमागे जे बारीक ठसे असतात, ते मोजले. जितके ठसे जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे हे ठसे ठरावीक काळानं नाणं तपासून मारलेले, व्यापाऱ्यांच्या पारखीच्या खुणा. आपण ज्याला सराफ म्हणतो, तो शब्दच अरबीतला, नाणं पारखणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या सराफानं मारलेल्या खुणेवरून एक गणिती नाण्याचं वय काढत होता, तेही पुण्यात, 1940च्या आसपास, हातानं आकडेमोड करत. नाण्यांचा क्रम लागला, नाण्यांवरून राजांचा क्रम लावता आला आणि राजांवरून हा गृहस्थ समाजाच्या इतिहासात शिरला तो कायमचा. 1956 साली त्यांचा भारतीय इतिहासावरचा मोठा ग्रंथ आला. त्यात राजे कमी आणि नांगर, धान्य, जमिनीचा ताबा जास्त आहे.

(मुस्लिम वाचक म्हणून माझी एक तक्रार आहे. कोसंबींनी जेवढा जीव प्राचीन काळावर ओतला तेवढा मध्ययुगावर ओतला नाही. आमच्या वऱ्हाडचं उदाहरण घ्या. 'आईने अकबरी'त अबुल फजल मेहकर सरकारातल्या लोणारची नोंद करतो. तिथं काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या वस्तू मिळतात, सोऱ्याचं उत्पादन होतं, त्यावरच्या करातून सरकारला उत्पन्न आहे, हे सांगतो. तीर्थ म्हणून ब्राह्मण त्याला काय म्हणतात तेही लिहितो. असा मालमसाला कोसंबींच्या हाती लागायला हवा होता.)

ही आकडे लावून इतिहास तपासण्याची रीत कोसंबींच्या आधी कोणाला सुचलीच नव्हती, असं मात्र नाही. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननं 'मुकद्दिमा'च्या सुरुवातीलाच मसूदीसारख्या नामांकित इतिहासकाराला धरलं. मसूदीनं लिहिलं होतं की हजरत मूसा यांच्या बरोबर रानात सहा लाखांहून जास्त लढवय्ये होते. इब्न खल्दून हिशेब करतो: हजरत याकूब यांच्यापासून मूसांपर्यंत पिढ्या मोजून चार. इतक्या पिढ्यांत एका कुटुंबाचं एवढं लष्कर कसं होईल? आणि एवढं सैन्य एका रणांगणात उभं तरी कसं राहील, एका टोकाला काय चाललंय हे दुसऱ्या टोकाला कळेल कसं? सांगणारा कितीही मोठा असो, आकडा शक्य आहे का ते आधी पाहा. त्याच्याही आधी हदीसच्या उलेमांनी सांगणाऱ्यांची पारख सुरू केली होती. कोणी कोणाकडून ऐकलं, दोघं एका काळात होते का, स्मरण कसं, चारित्र्य कसं. त्यावरून सहीह, हसन, जईफ अशा पायऱ्या. अनेक वेगवेगळ्या वाटांनी आलेली बातमी, जिथं सगळ्यांनी मिळून खोटं रचणं अशक्य, ती मुतवातिर. तिच्यानं यकीन येतं. एका-दोघांकडून आलेल्या बातमीनं फक्त जन्न, म्हणजे अंदाज. यकीन आणि जन्न यांच्यामधली ही जागा आमच्या मदरशांत हजार वर्षं शिकवली जातेय. तिला अंक जोडले नव्हते, एवढंच.

पण इथं मला आपल्याच लोकांना टोकायचं आहे. व्हॉट्सअपवर दर आठवड्याला एक निरोप फिरतो: अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, म्हणून एआय मुसलमानांनी शोधलं. शब्द त्याच्या नावावरून आला हे खरं. नवव्या शतकात अल-किंदीनं मजकुरातली अक्षरं मोजून, कोणतं अक्षर किती वेळा येतं त्यावरून गुप्तलिपी फोडायची रीत लिहून ठेवली, हेही खरं. आणि आजची भाषेची यंत्रं मुळात तेच करतात: या शब्दांमागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे अफाट मजकुरावरून मोजतात. अल-किंदीला हे दाखवलं असतं तर त्याला तत्त्व चटकन कळलं असतं. पण त्याच्यानंतर आपण काय केलं, हा प्रश्न त्या निरोपात नसतो. पुष्पक विमानाला हसायचं आणि ख्वारिज्मीचा एआय पुढे ढकलायचा, हे बरं नव्हे. संभाव्यतेचं गणित 1654 साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून उभं राहिलं, आणि तेही जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे या प्रश्नातून. आपल्याकडे मैसिर, म्हणजे जुगार, हराम. बाण टाकून कौल लावणंही हराम. त्यामुळे फाशांचा हिशेब आपल्या विद्वानांनी मांडला नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जुगार न खेळताही फासा मोजता येतो.

आता कोसंबींच्या त्या कामाकडे येतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. 1943 साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी फलन-अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक निबंध छापला. नाव अवघड आहे, कल्पना सांगता येते. समजा बुलढाण्याच्या पर्जन्यमापकाच्या पन्नास वर्षांच्या रोजच्या नोंदी आहेत. प्रत्येक वर्षाची एक वेडीवाकडी रेघ निघेल. पन्नास रेघा, प्रत्येकीत शेकडो आकडे. कोसंबी विचारतात: मोजके मूळ आकार असे शोधता येतील का, की प्रत्येक वर्षाची रेघ त्या आकारांच्या कमी-जास्त मिश्रणानं बनेल? पहिला आकार असा निवडायचा की वर्षावर्षांतला सर्वात मोठा फरक त्याच्यातच सामावेल. मग उरलेल्यातला सर्वात मोठा फरक दुसऱ्यात. असं करत गेलं की शेकडो आकड्यांऐवजी चार-पाच आकड्यांत एक वर्ष सांगता येतं. आपल्या मसाल्यासारखं. तिखट, मीठ, हळद, धणे यांची मापं सांगितली की कालवण कसं झालं असेल ते जाणकाराला कळतं.

फिनलंडच्या कारहुनेन यांनी 1947 साली आणि फ्रान्सच्या लोएव यांनी 1948 साली हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. प्रमेयाला त्या दोघांची नावं मिळाली. अलीकडे काही ग्रंथकार कोसंबींचंही नाव जोडतात, पण सगळे नाही. आता ऐका पुढचं. 1987 साली अमेरिकेत सिरोविच आणि किर्बी यांनी हीच रीत माणसाच्या चेहऱ्यांच्या फोटोंना लावली. पावसाच्या रेघेऐवजी चेहरा. काही मूळ चेहरे शोधायचे आणि प्रत्येक माणसाचा चेहरा म्हणजे त्यांचं मिश्रण. 1991 साली टर्क आणि पेंटलंड यांनी त्यावर चेहरा ओळखणारं यंत्र उभं केलं. आजची यंत्रं वेगळ्या, जास्त गुंतागुंतीच्या रीतीनं चालतात. पण चेहऱ्याची आकड्यांची छोटी यादी करायची आणि दोन याद्या किती जवळ आहेत ते मोजायचं, हा पाया तोच.

आणि इथून गोष्ट आपल्या दारात येते. फेब्रुवारी 2020च्या दिल्ली दंगलीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी मार्च महिन्यात लोकसभेत सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं अकराशेहून जास्त लोक ओळखले गेले. यंत्र धर्म पाहत नाही, कपडे पाहत नाही, फक्त चेहरा पाहतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे 2022 साली माहितीच्या अधिकाराखाली दिल्ली पोलिसांनी उत्तर दिलं की जुळणी ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर ती ओळख पटली असं धरतात.

ऐंशी टक्के. हा आकडा ऐकून आपल्याला वाटतं, दहातले आठ वेळा बरोबर. पण तो तसा आकडा नाहीच. दोन याद्या किती जवळ आहेत, याचं ते माप आहे. पकडलेला माणूस तोच असण्याची शक्यता किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, जी कोसंबींच्या काट्याला ठाऊक होती: एकूण ढीग किती मोठा आहे.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. होळीच्या सुमारास सैलानी बाबांची यात्रा भरते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कुठून कुठून लाखो माणसं येतात. समजा तिथल्या वाटेवर असा कॅमेरा लावला. समजा एक लाख माणसं त्याच्यासमोरून गेली आणि त्यांत दहा जण पोलिसांना खरोखर हवे आहेत. यंत्र चांगलं आहे असं धरू: दहातले नऊ ते पकडतं, आणि निरपराध माणसावर चुकून बोट ठेवण्याचं प्रमाण हजारात फक्त एक. आता हिशेब करा. खरे नऊ सापडले. उरलेल्या 99,990 लोकांत हजारी एक म्हणजे सुमारे शंभर जणांवर खोटं बोट. एकूण 109 माणसं बाजूला काढली, त्यांतली शंभर निरपराध. म्हणजे यंत्रानं ज्याच्याकडे बोट दाखवलं तो खरा गुन्हेगार असण्याची शक्यता बारात एक. यंत्र हजारात एकदाच चुकतं हे वाक्यही खरं आणि पकडलेल्या बारातले अकरा निरपराध हेही खरं. वकील पहिलं वाक्य कोर्टात वाचून दाखवेल. दुसरं वाक्य कोणी काढून दाखवलं नाही तर ते कुणालाच दिसत नाही.

आणि ही शंभर माणसं कोण असतील? यंत्र धर्म पाहत नसेल, पण ते कुठं लावायचं, कोणाचे फोटो त्याच्या पोटात आधी भरायचे, हे माणूसच ठरवतो. ज्या मोहल्ल्यात कॅमेरे जास्त, त्या मोहल्ल्यातली खोटी बोटंही जास्त. नाणी तोलताना कोसंबी ठेवा कुठून आला, कोणी चाळून काही नाणी आधीच काढून नेली का, याची चौकशी करत. आपल्या तरुणांच्या बाबतीत तेवढी तरी व्हायला नको का?

कोसंबींना यंत्रांचं वावडं नव्हतं. 1945 साली होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. 1948-49 साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत जाऊन नव्यानं बनत असलेली गणकयंत्रं पाहून आले. त्याच दौऱ्यात प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्याशी त्यांच्या बैठकी झाल्या. मला या भेटीचं फार कुतूहल वाटतं. सृष्टीच्या मुळाशी नुसता योगायोग आहे हे आइन्स्टाइनना शेवटपर्यंत मान्य झालं नाही. आणि समोर बसलेला माणूस योगायोगातूनच नियम काढण्यात मुरलेला. भौतिकशास्त्र सांगतं की युरेनियमचा अमुक एक अणू केव्हा फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण कोट्यवधी अणूंपैकी निम्मे केव्हा फुटतील हे नेमकं सांगता येतं. इमाम गजाली म्हणत होते की आग कापसाला स्वतःहून जाळत नाही. जळणं ही अल्लाहनं चालू ठेवलेली सवय आहे, म्हणून आपल्याला ती पक्की वाटते. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही, असं म्हणणारे भाषणबहाद्दर पुष्कळ आहेत. पण 'नेहमी असं होतं' आणि 'असंच होणार' यांतलं अंतर दोन्हीकडे कोणीतरी पाहिलं होतं.

आमच्या लोणारलाच बघा. उल्कापातानं झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर. वय किती? एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे 52 हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीनं 5 लाख 70 हजार. दोन्ही उत्तरांपुढे शास्त्रज्ञांनी 'अधिक-उणे' लिहिलेलं आहे आणि तरी उत्तरांत दहा पटींचा फरक आहे. फलकावर मात्र एकच आकडा लिहितात. आपल्या पाट्यांना अधिक-उणे आवडत नाही.

कोसंबींनाही त्याचा मोह झाला, आणि हे सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही. मूळ संख्यांच्या मांडणीबद्दल रीमान यांचं एक गृहीतक आहे. गणितातला तो सर्वात मोठा न सुटलेला प्रश्न. आजही सुटलेला नाही. 1950 नंतर कोसंबींना वाटू लागलं की संभाव्यतेच्या वाटेनं आपण तो सोडवू शकतो. 1959 साली त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात तशी सिद्धता असल्याचं छापलं. गणितज्ञांच्या तपासणीत ते टिकलं नाही. मूळ संख्या नाण्यांसारख्या हातोहात फिरून झिजत नाहीत. त्या आहेत तशा ठरलेल्या आहेत, त्या 'बहुतेक' अमुक ठिकाणी आहेत असं म्हणणं ही सिद्धता होत नाही. ज्यानं आयुष्यभर इतरांना आधी पद्धत पारखा म्हणून सांगितलं, तो आपल्या आवडत्या पद्धतीच्या प्रेमात पडला. त्यांची पत त्यानं घसरली. त्यातच अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा आपल्या देशाला परवडेल, असं ते जाहीरपणे बोलत होते, तेही अणुऊर्जेचे सर्वेसर्वा असलेल्या भाभांच्या संस्थेत नोकरी करत. 1962 साली त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. त्यानंतर त्यांनी मूळ संख्यांवरचे काही निबंध एस. ड्यूक्रे या खोट्या नावानं छापले. बूरबाकीची थट्टा करणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःच दुसऱ्या नावाआड जावं लागलं. 29 जून 1966 रोजी पुण्यात, झोपेतच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. सौरऊर्जेच्या बाबतीत ते बरोबर होते, हे आता आमच्या मोताळ्या-नांदुऱ्याकडच्या शेतांतले सौरपंपच सांगतात.

परत भेंडवळकडे. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्या भाकितांना आव्हान देतात, भक्त चिडतात, वर्तमानपत्रं दोघांचं छापतात. माझं म्हणणं वेगळं आहे. पावसाचे चार महिने, प्रत्येकासाठी 'चांगला' किंवा 'कमी' असं एकच उत्तर, असं धरलं तर नाणं उडवूनही सोळात एकदा चारही उत्तरं बरोबर येतात. सोळा गावांत सोळा घट मांडले असते तर एका गावाचं सगळं खरं ठरलं असतं आणि आपण त्याच गावाला गेलो असतो. हवामान खातं निदान आपला अंदाज सरासरीच्या टक्क्यांत सांगतं आणि सोबत चुकीची मर्यादा, अधिक-उणे पाच टक्के, लिहितं. सरासरीच्या 96 ते 104 टक्के म्हणजे सामान्य, हेही आधीच ठरलेलं. घटाच्या भाकितात 'साधारण' म्हणजे किती मिलीमीटर, हे ठरलेलं नसतं. एआयच्या त्या तीन परिच्छेदांतही नव्हतं.

म्हणून मी भाच्याला दोनशे पानी वही आणून दिली. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात भेंडवळ, तिसऱ्यात हवामान खातं, चौथ्यात मोबाईल. पाचवा रकाना रिकामा, तो सप्टेंबर संपल्यावर तहसीलच्या पर्जन्यमापकावरून भरायचा. शब्द चालणार नाहीत, आकडाच लिहायचा, आणि आधी लिहायचा. तो म्हणाला, "मामू, एका वर्षानं काय कळणार?" मी म्हटलं, काही नाही. म्हणून तर वही दोनशे पानी आहे. त्यानं सहावा रकाना स्वतःहून आखला आणि वर लिहिलं: नाना. अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. जूनबद्दल विचारलं तर त्यांनी बराच वेळ बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "लिही, दीडशे मिलीमीटर. पण पेन्सिलीनं लिही."

भाच्यानं पेनानं लिहिलं आहे.